भरतीचं कोष्टक आणि वामनराव

वामनराव लिमयांना शेतातलं भात आणि बांधावरचं गवत यांतला फरक लांबून ओळखता येत नसे, आणि त्यांनी अख्खी हयात शेतीचं साप्ताहिक चालवलं. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही. ते असताना, पेणच्या त्यांच्या कचेरीत बसून, त्यांचाच चहा पिता पिता चार वेळा तरी तोंडावर बोललेलो आहे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. डॉक्टर काय स्वतः आजारी पडून शिकतो होय, असं विचारायचे आणि पुढचं प्रूफ माझ्या अंगावर टाकायचे.

साप्ताहिकाचं नाव 'उघाडी'. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेल्या जमिनीत, त्या बांधाला जागोजागी झडपेची दारं असतात. आत साचलेलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्या दाराचं काम. त्याला उघाडी म्हणतात. नाव ठेवलं वामनरावांच्या वडिलांनी. लिमयांची धरमतरच्या बाजूला बरीच खारजमीन होती, ती कूळकायद्यात कसणाऱ्यांच्या नावावर झाली. दुसरा कोणी कोर्टात गेला असता, नाहीतर मुंबईला. थोरल्या लिमयांनी छापखाना घेतला आणि ज्यांच्याकडे जमीन गेली त्यांनाच दर आठवड्याला शेती कशी करावी हे सांगायला सुरुवात केली. जमीन गेली, पण सल्ला द्यायची सवय गेली नाही. कुळांनीही मोठ्या मनाने अंक घेतला. पहिली काही वर्षं ते सल्ला वाचत आणि बरोबर उलट करत, आणि पीक चांगलं येई, असं मला खारेपाटातल्या एका म्हाताऱ्याने हसत हसत सांगितलं होतं.

मी रोह्याचा. धाटावला एका कंपनीत प्रयोगशाळेत होतो, शिफ्टची नोकरी. एकदा 'उघाडी'त कुंडलिका नदीचा उल्लेख सलग तीन अंक वेगवेगळ्या तालुक्यांत झालेला पाहून मी रागाने पत्र लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं. आपली रोहा तालुका प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली आहे, गुरुवारी रोहा स्टँडवर पेणच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून गठ्ठा उतरवून घ्यावा, असं त्यात होतं. मी विचारलं काय होतं आणि मिळालं काय, हे कळायच्या आत पहिला गठ्ठा आला सुद्धा. पुढे सुट्टीच्या दिवशी पेणला जाऊन प्रुफं तपासायचंही माझ्याच गळ्यात पडलं. हे सगळं सोळा वर्षं चाललं आणि त्या सोळा वर्षांत त्यांनी मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. ते सगळ्या प्रतिनिधींना गावाच्या नावानेच ओळखत. "या रोहा, बसा," म्हणायचे. नागोठणं आजारी आहे. वडखळचं लग्न ठरलंय. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे भूगोलावर काहीतरी बोलतायत.

दिसायला उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, त्यातली दोन बंद. पायात कायम चपला, आणि कुठेही चिखल दिसला की त्या काढून हातात घ्यायची खोड. शेतकऱ्यांत वावरायचं म्हणून नव्हे, चपला खराब होतात म्हणून.

त्यांचा खरा शत्रू एकच होता, पानावरची रिकामी जागा. बुधवारी अंक लागायचा. बुधवारी दुपारी जाहिराती आणि मजकूर बसवून झाला की कुठेतरी तीन बोटांची जागा उरायचीच, आणि वामनराव खोलीभर फिरत ओरडायचे, "जागा भरा, जागा भरा." मग हाताला येईल ते तिथे जायचं. कडवे वाल सोलताना नखं काळी होऊ नयेत म्हणून काय करावं, पोह्याच्या पापडाला बुरशी येऊ नये म्हणून डब्यात काय ठेवावं, विंचू चावल्यावर कोणाला हाक मारू नये. वालाच्या नखांचा उपाय मी सोळा वर्षांत एकवीस वेळा तपासला. दर वेळी उपाय वेगळा होता. रोह्यात आमच्या शेजारच्या वहिनींनी त्यातले तीन करून पाहिले आणि मला सांगितलं की तुमच्या संपादकांना एकदा इकडे पाठवा, त्यांनाच सोलायला बसवते.

'शेतकऱ्याचा प्रश्न' हे सदरही याच घाईतून निघालेलं. प्रश्न वामनरावच लिहायचे, उत्तर तेच द्यायचे. फक्त प्रश्नाखाली एखादं नाव आणि गाव टाकायचं. नावं ते डोक्यातून काढत, आणि खारेपाटात डोक्यातून नाव काढायचं म्हटलं की ते कोणाचं तरी असतंच. एकदा त्यांनी छापलं, 'माझी म्हैस दिसायला धडधाकट असून दूध चोरते, काय करावे? – आत्माराम पाटील', आणि पुढे एक गाव. उत्तर मोठं शास्त्रीय होतं, मेथ्या आणि गूळ वगैरे. शुक्रवारी सकाळी खरा आत्माराम पाटील कचेरीच्या दारात उभा. त्याची म्हैस खरंच होती, ती तो विकायला काढत होता, आणि ठरलेलं गिऱ्हाईक अंक वाचून परत गेलं होतं.

आत्माराम ओरडला नाही. खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, आता चला. वामनराव चपला हातात घेऊन त्याच्या गोठ्यात गेले. सगळ्या गावासमोर धार काढली गेली आणि संपादकांना धारोष्ण दूध प्यायला लावलं. पुढच्या अंकात पहिल्या पानावर मजकूर होता की सदर म्हैस दूध चोरत नसून संपादकांनी स्वतः दोन पेले पिऊन खात्री केली आहे. म्हैस विकली गेली. वामनरावांचं पोट तीन दिवस बिघडलं होतं, पण त्याने सदर थांबलं नाही. फक्त त्यानंतर प्रश्न विचारणारे सगळे 'एक वाचक' झाले.

वडखळच्या नाक्यावर गाड्या अडकायला लागल्या, तो काळ आमच्या पेपराचा सुवर्णकाळ होता. महामार्गाचं काम चालू, अलिबागला वळणाऱ्या गाड्या आणि गोव्याच्या गाड्या एकमेकींत अडकलेल्या, आणि वामनराव साठीच्या पुढचे, डोक्यावर टोपी घालून गाड्यांच्या रांगेतून 'उघाडी' विकतायत. मुंबईची कुटुंबं काचा खाली करून अंक घेत आणि एसीत बसून खताच्या मात्रा वाचत. एकदा एक बाई म्हणाल्या, किती छान, हे सगळं तुम्ही स्वतः करता? वामनराव म्हणाले, छे, आम्ही फक्त सांगतो.

एवढं सगळं थट्टेवारी नेण्यासारखं होतं. पण त्या पेपरात एक गोष्ट अशी होती की तिची थट्टा मीही कधी केली नाही. पहिल्या पानावर, उजवीकडे खाली, भरती-ओहोटीचं कोष्टक. पुढच्या आठ दिवसांत खाडीत पाणी कधी भरणार आणि कधी उतरणार. बाकी अंकात लोक भाजी बांधत, पण कोष्टक आधी कापून घेत आणि दाराच्या मागे चिकटवत. मिठागरात पाणी कधी घ्यायचं, होडी कधी सोडायची, बांधाचं काम कधी काढायचं, सगळं त्याच्यावर ठरे.

कोष्टकाची रीत जुनी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आणि पाण्याला आत खाडीत शिरायला जो उशीर लागतो तो वर मिळवायचा. खारेपाटातली सगळी म्हातारी माणसं हे बोटांच्या पेरांवर मोजत. थोरल्या लिमयांनी ते छापलं आणि मग हळूहळू लोकांनी मोजायचं सोडलं. वामनराव अभिमानाने सांगायचे की खारेपाटातलं एक अख्खं काम 'उघाडी'ने लोकांच्या डोक्यावरून उतरवलं. मीही तेव्हा मान डोलावलेली आहे.

खारवेताळे हे धरमतर खाडीच्या काठचं गाव. एका वर्षी भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या उधाणाला त्यांच्या बाहेरच्या बांधाला एक लहानशी खांड पडली, म्हणजे बांध फुटून वाट झाली. तेवढ्याने फारसं बिघडलं नव्हतं. उधाण ओसरलं की अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर सगळ्यात कमी असतो, तेव्हा खांड बांधून काढायची. त्यासाठी जोळ असते. जोळ म्हणजे घरटी एक माणूस बांधावर. गड्यांनी लाकडाच्या मेढी ठोकायच्या, बायकांनी चिखल आणि पेंढा पुरवायचा, आणि पाणी उतरल्यापासून परत फिरेपर्यंत काम पुरं करायचं. अर्धवट बांधलेली खांड न बांधलेल्या खांडीपेक्षा वाईट. मधल्या फटीतून पाणी घुसलं की दोन्ही बाजू कापत जातं. आतलं भात तेव्हा पोटरीला आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होतं.

त्या पंधरवड्यात षष्ठी दोन दिवस होती. पंचांगात असं होतं, एखादी तिथी दोनदा येते, एखादी येतच नाही. वामनराव कोष्टक करताना पंचांग उघडून बसत. पण तो गणपतीनंतरचा आठवडा. पेण अजून मूर्तींच्या हिशोबांत आणि आभाराच्या जाहिरातींत होतं, अंकाला जागाच पुरत नव्हती. वामनरावांनी पौर्णिमेपासून बोटांवर मोजलं आणि कोष्टक लिहून टाकलं. षष्ठी एकदाच धरली. म्हणजे खरी अष्टमी कोष्टकात नवमी झाली, आणि पाणी पाऊण तास उशिरा फिरेल असं छापलं गेलं. प्रूफ मी तपासलं. शब्द बघितले, आकडे सरळ रेषेत आहेत का ते बघितलं. तिथ्या मोजल्या नाहीत. मला तर मोजताच येत नव्हत्या.

जोळीच्या दिवशी काय झालं ते मला नंतर तिथल्या चार जणांनी सांगितलं. कोष्टकाच्या वेळेप्रमाणे लोक बांधावर गेले. पाणी आधीच बरंच उतरलेलं होतं. सगळ्यांना आनंद झाला, आज देव पावला म्हणाले. हिराबाय म्हात्रे ही गावातली सगळ्यात म्हातारी बाई, जोळीला यायचं तिचं वय नव्हतं तरी पाटी घेऊन आलेली. तिने पेरांवर मोजलं आणि म्हणाली की आज आठव हाय, नवम नाय, पाणी लवकर फिरंल, आज अर्धं काम काढू नका. पोरांनी तिला अंक दाखवला. "काकी, पेपरात छापलंय," एवढंच बोलले. ती पाटी घेऊन चिखलाकडे वळली.

खांडीत दोन हात फट राहिली असताना पाणी फिरलं. माणसं कमरेएवढ्या पाण्यात फटीला पाठी लावून उभी राहिली म्हणतात. मेढी गेल्या, दोन्ही बाजू कापल्या गेल्या. लहानशी खांड होती तिथून बैलगाडी जाईल एवढी वाट झाली. पुढे सर्वपित्रीच्या अमावास्येचं उधाण आलं आणि सबंध खारवेताळ्याच्या भातात खाडीचं पाणी उभं राहिलं.

आम्हाला अंक कधी फाडून पाठवला जाईल, कोण दारात येऊन उभं राहील, याची वामनराव वाट बघत होते. कोणीच आलं नाही. म्हशीसाठी आत्माराम आला होता, अख्ख्या गावाच्या भातासाठी कोणी नाही. आठ-दहा दिवस गेले. बुधवारी त्यांनी जागा भरा म्हणून ओरडणंही सोडलं. प्रेसमधल्या सुभाषने स्वतःहूनच वालाची नखं लावली.

मग एका दुपारी हिराबाय एकटी आली. सहा आसनी रिक्षेतून वडखळला, तिथून एस्टीने पेणला. कमरेला खोचलेला अंक काढून तिने टेबलावर पसरला आणि वामनरावांना म्हणाली, "दाखव. आठव कुठं लिवलीस?"

वामनरावांनी बोट ठेवलं. मग पंचांग काढलं, त्यावर दुसरं बोट ठेवलं. दोन बोटांखाली दोन वेगळ्या तारखा होत्या. मी समोर प्रूफ धरून बसलेलो, मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं.

"मना वाचता येत नाय, म्हणून मना बरोबर ठावं व्हतं," हिराबाय म्हणाली. "आमच्या पोरांना वाचता येतं."

ती रागाने बोलली नाही. वामनरावांनी तिला चहा विचारला, तिने घेतला, पदराने तोंड पुसलं आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली. वामनराव तिला स्टँडवर सोडायला गेले आणि येताना चुकून भलत्याच गल्लीत शिरले. ज्या पेणमध्ये जन्म गेला तिथे रस्ता चुकले. हे मला त्यांनीच सांगितलं, हसू आणायचा प्रयत्न करत, आणि ते हसू काही नीट आलं नाही.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, मधोमध, काळी चौकट होती. आत लिहिलं होतं: 'आमचं कोष्टक चुकलं. त्यामुळे खारवेताळ्याची खांड बांधून झाली नाही आणि त्यांचं भात गेलं. चूक संपादकाची.' खाली सही. ज्या माणसाने आयुष्यात वीस शब्दांच्या आत वाक्य संपवलं नव्हतं, त्याने हे लिहिलं. मी त्यांना सुचवलं की मी तपासलं होतं, माझंही नाव टाका. ते म्हणाले, रोहा, तुम्ही अक्षरं बघता, ते काम तुम्ही बरोबर केलंत. मला ते अजून लागतं.

मला वाटलं होतं चौकट एकदा येईल आणि संपेल. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा होती. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. शेवटी मी विचारलं, तेव्हा कळलं की त्यांनी ठरवलं होतं, खारवेताळ्याच्या जमिनीत पुन्हा भात पिकेपर्यंत चौकट तिथेच राहील. खारं पाणी उभं राहिलेली जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. मधोमधची ती जागा म्हणजे बियाण्याच्या दुकानदाराची हक्काची जागा. त्याने दोन महिने समजूत काढली की लोक विसरतात, तुम्ही आठवण का करून देता. मग तो दुसऱ्या पेपराकडे गेला. वामनरावांच्या घरातूनही बोलणी बसली. त्यांच्या पत्नीने, लिमयेवहिनींनी, मला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही तरी सांगा, हा माणूस दर गुरुवारी स्वतःलाच फटके मारून घेतोय आणि ते छापून घरोघर वाटतोय. मी सांगून पाहिलं. त्यांनी मला वालाच्या नखांचं प्रूफ दिलं.

दुसऱ्यांदा जोळ निघाली, खांड नीट बांधायला, तेव्हा वामनराव तिथे गेले. घरटी एक माणूस अशी रीत, यांचं तिथे घर नव्हतं, तरी गेले. चपला काढून बांधाच्या कडेला ठेवल्या. पहिलीच पाटी उचलली आणि पाटीसकट चिखलात बसले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "गो, याला उचला आदी, नायतर यालाच खांडीत घालतील." मग त्यांना चहाच्या किटलीवर बसवलं. तेही त्यांना जमलं असं नाही, पण दिवसभर बसले. खांड त्या दिवशी बांधली गेली, कारण वेळ हिराबायने सांगितली होती.

तेव्हापासून बुधवारची एक नवी रीत पडली. कोष्टक तयार झालं की वामनराव हिराबायच्या नातवाच्या मोबाईलवर फोन लावायचे आणि एकेक तिथी वाचून दाखवायचे. पलीकडून ती पेरांवर मोजायची. बरोबर असेल तर फक्त हं म्हणायची. चुकलं तर सांगायची, परत मोज. संपादक उभं राहून फोन करत, हे मी स्वतः पाहिलं आहे. नवीन वर्षाच्या अंकापासून अंकाच्या शेवटी, जिथे संपादक आणि मुद्रक यांची नावं असतात तिथे, 'भरती-ओहोटी: हिराबाय म्हात्रे, खारवेताळे' असं यायला लागलं. सहीच्या जागी अंगठा देणाऱ्या बाईचं नाव पेपराच्या संपादकांत. तिला नातवाने ते दाखवलं तेव्हा तिने विचारलं म्हणे, हे बारीक का लिवलंय, शाई संपली काय.

पहिल्या वर्षी खारवेताळ्याच्या शेतात गवतही आलं नाही. दुसऱ्या वर्षी भात कुठे कुठे, तेही लोंब्या पोकळ. तोवर काहींनी जमिनी मत्स्यतलावांना दिल्या, काही पोरं कंपन्यांत लागली. त्यातलाच एक आमच्या कंपनीत आला. लेबर कॅन्टीनमध्ये मी त्याला ओळख दिली तर म्हणाला, तुम्ही त्या चौकटवाल्या पेपरचे ना? मी हो म्हणालो. तो म्हणाला, हिराबाय आज्जी वाचायला लावते दर गुरुवारी. तेवढं बोलून तो जेवायला लागला, आणि मला त्याच्या समोर जेवण गेलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मार्गशीर्षात हिराबायचा उलटा फोन आला, पहिल्यांदाच. वामनरावांना जेवायला बोलावलं होतं. ते मला म्हणाले, रोहा, तुम्हीही चला. आम्ही गेलो तेव्हा खळ्यावर भात पडलेलं होतं, लालसर तांदळाचं, खारेपाटातलं जुनं वाण. वामनराव त्याच्याकडे बघत होते. पहिल्यांदाच मला खात्री होती की हे भात आहे एवढं त्यांना कळलंय.

हिराबायने त्यांना पडवीत पाटावर बसवलं. ते मासे खात नाहीत म्हणून तिने त्यांच्यापुरता नुसता भात आणि लिंबाचं लोणचं वाढलं. मला सुक्या जवळ्याचं कालवण मिळालं, त्याबद्दल मी आजही तिचा आभारी आहे. गावातली सात-आठ माणसं दारात उभी होती. वामनरावांनी लोणच्याला हात लावला नाही. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. हिराबाय त्यांच्यासमोर उकिडवी बसून बघत होती.

"मीठ लागतंय काय?" तिने विचारलं.

त्यांनी तिसरा घास घेतला. हा माणूस छापील खोटं हसत हसत बोलायचा, म्हशीचं, वालाचं, एक वाचकाचं. तेव्हा मात्र ते इतका वेळ चावत होते की दारातली माणसं अवघडली.

"नाय," वामनराव म्हणाले. त्यांच्या तोंडून 'नाय' मी त्या दिवशीच ऐकलं.

"मंग काढ ती चौकट," हिराबाय म्हणाली. "दर गुरवारी आयकून कान किटले माझे."

दारातलं कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. वामनराव भात जेवले, पुन्हा मागून घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते लोणचं तिखट आहे असं सांगत होते, ताटात लोणचं जसंच्या तसं होतं.

बुधवारचाच दिवस होता. निघताना सुभाषचा फोन आला, पान लागलं का, चौकट ठेवायची का. वामनरावांनी सांगितलं, काढ. सुभाषने विचारलं, एवढी मोठी जागा मधोमध, तिथे काय भरू? माझ्या तोंडात वालाची नखं आलीच होती.

"काही भरू नको," वामनराव म्हणाले. "राहू दे रिकामी."

सुभाषने पुन्हा विचारलं, त्याला वाटलं रेंज गेली. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. गुरुवारी अंक तसा निघाला, पहिल्या पानावर मधोमध हातभर कोरा कागद. रोह्यातल्या तिघांनी तरी मला अंक परत आणून दिला, छपाईत राहिलंय म्हणून.

वामनराव त्यानंतर वर्षभराने गेले. 'उघाडी' आता निघत नाही. भरतीच्या वेळा पोरं मोबाईलवर बघतात, आणि त्या बहुतेक बरोबर असतात. त्या जेवणानंतर मी वामनरावांना बऱ्याचदा भेटलो, दवाखान्यातही. पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे.

फोन ठेवून आम्ही खारवेताळ्याच्या बांधावरून रस्त्याकडे निघालो होतो. चिखल होता म्हणून ते चपला हातात घेऊन माझ्या पुढे चालत होते. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मधेच थांबले, खाडीकडे बघितलं, चुकलं असं स्वतःशीच म्हणाले आणि पहिल्या पेरापासून परत मोजायला लागले. मागे पडवीतून हिराबाय ओरडून काहीतरी सांगत होती. त्यांनी न वळताच हात वर केला, आणि मोजत मोजत पुढे गेले.